ना मसाला, ना फोडणी. मग लँकेशायर हॉटपॉटला चव येते कुठून?

मटण, कांदा, बटाटा, मीठ, मिरी. वायव्य इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या हॉटपॉटची यादी जवळपास इथेच संपते. मग चव येते कुठून?

उत्तर मटणाच्या तुकड्यात आहे. लँकेशायर हा कापडगिरण्यांचा भाग आणि हॉटपॉट तिथल्या कामगारांचं जेवण. त्यामुळे मटणही मानेचं; स्वस्त आणि चिवट. हा चिवटपणा कोलॅजेन या प्रथिनाचा. मंद आचेवर, ओलाव्यात दोन-अडीच तास मिळाले की त्याचं जिलेटिन होतं. मांस मऊ पडतं, रस्साही अंगाशी येतो. महागडं, बिनचरबीचं मटण इथे उलट कोरडं पडतं. म्हणून खाटकाकडे मानेचे किंवा खांद्याचे तुकडेच मागा, तेही हाडासकट.

चार जणांसाठी 1 किलो मटण, 1 किलो बटाटे, 2 मोठे कांदे. मटण तेलात तांबूस परता, कांदा मऊ करा, चमचाभर मैदा भुरभुरा. मीठ, मिरी आणि अर्धा लिटर गरम पाणी घाला. मटणाचं अळणी असेल तर उत्तमच. वर बटाट्याच्या 3 मिमी जाडीच्या चकत्या कौलांसारख्या रचा, वितळलेलं लोणी लावा. ओव्हनमध्ये झाकून 160 अंश सेल्सिअसवर 2 तास, मग झाकण काढून 200 अंशांवर अर्धा तास.

खालचे बटाटे रस्सा पितात, वरचे कुरकुरीत होतात. कुकरमध्ये मटण लवकर शिजेल, पण ही कौलं मिळणार नाहीत.

आपल्याकडचं मटण बहुधा बोकडाचं, कोकराचं नव्हे. त्याला जास्त वेळ लागू शकतो. झाकण काढण्याआधी सुरी टोचून बघा. सोबत व्हिनेगरमध्ये मुरवलेला जांभळा कोबी हवाच.