गोंगाटातही हाक कशी ऐकू येते?

जयंतीच्या मिरवणुकीत ढोल-ताशे घुमत असतात, लाऊडस्पीकरवर गाणी चालू असतात, शेकडो माणसे एकाच वेळी बोलत असतात. तेवढ्यात कुणीतरी आपल्या नावाने हाक मारतो आणि आपली मान चटकन वळते. कानावर तर सगळेच आवाज एकत्र आदळतात. मग त्यातून हवा तो आवाज निवडतो कोण? विज्ञान सांगते, आवाज गोळा करतो कान, पण निवड करतो मेंदू.

ब्रिटिश शास्त्रज्ञ कॉलिन चेरी यांनी १९५३ साली या विषयावरील प्रयोग प्रसिद्ध केले. माणसाच्या दोन कानांत दोन वेगवेगळी भाषणे ऐकवायची आणि एकच भाषण मोठ्याने म्हणत जायला सांगायचे. लोकांना ते सहज जमले. पण दुसऱ्या कानात काय बोलले गेले, ते सांगता येईना. तिथे इंग्रजीऐवजी जर्मन सुरू झाले, तरी बहुतेकांच्या लक्षात आले नाही! पुढे १९५९ साली नेव्हिल मोरे यांना आढळले की, दुर्लक्षित कानात स्वतःचे नाव आले तर सुमारे एक तृतीयांश लोकांना ते ऐकू येते.

मेंदूला दोन कानांची मोठी मदत होते. उजवीकडचा आवाज उजव्या कानात आधी पोचतो. हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो, तरी त्यावरून मेंदू दिशा ओळखतो. आवाजाचा चढउतार आणि बोलणाऱ्याचे ओठ यांचाही उपयोग होतो. २०१२ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातील मेसगरानी आणि चँग यांनी फेफऱ्याच्या रुग्णांच्या मेंदूतील संदेश उपचारांच्या वेळी नोंदवले. दोघे एकदम बोलत असताना, रुग्णाचे लक्ष ज्याच्याकडे होते त्याचेच बोलणे त्या नोंदींत स्पष्ट उमटले. कान आणि शब्द यांच्या संयोगाने श्रोत्रविज्ञान उत्पन्न होते, असे धम्म सांगतो. ऐकणे हे एकट्या कानाचे काम नव्हेच!

पण कानच दुबळा झाला तर मेंदू तरी काय निवडणार? प्रत्येक कानाच्या आत सुमारे १५ हजार सूक्ष्म केसपेशी असतात. एकदा नष्ट झाल्या की त्या पुन्हा उगवत नाहीत. यंत्रमागावर, पत्र्याच्या कारखान्यात वर्षानुवर्षे राबणाऱ्या आपल्या बांधवांचे हेच नुकसान होते. हातभर अंतरावरील माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर तो आवाज घातक समजावा. अशा माणसाला शांत खोलीत नीट ऐकू येते, मात्र चार माणसांत आवाज कळतो, शब्द कळत नाहीत. घरचे म्हणतात, “मुद्दाम लक्ष देत नाहीत.” हा अन्याय आहे. गोंगाटामुळे आलेला बहिरेपणा कायद्यानेही व्यवसायजन्य आजार मानला आहे. सरकारी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात तपासणी करून घ्यावी, “गर्दीत शब्द कळत नाहीत” हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे आणि कामावर कानाचे संरक्षक मागून घ्यावेत.

लहान मुलांना तर गोंगाटातले बोलणे मोठ्यांपेक्षाही कमी समजते, कारण ही क्षमता वयाबरोबर वाढत जाते. वारंवार कान फुटणाऱ्या मुलाला वर्गात ‘मठ्ठ’ ठरवण्याआधी त्याचा कान तपासा. त्याला पुढच्या बाकावर बसवायची विनंती गुरुजींना करा. त्याच्याशी समोर येऊन बोला.

बाबासाहेब शाळकरी असताना परळच्या चाळीत एकाच खोलीत सारा संसार होता. सुभेदार रामजी त्यांना लवकर झोपवत आणि रात्री दोन वाजता अभ्यासाला उठवत. वेगळी खोली देणे त्यांच्या हाती नव्हते. शांतता देणे होते. आपणही संध्याकाळी दोन तास टी.व्ही. बंद ठेवू शकतो. वस्तीतल्या बुद्धविहारात मुलांसाठी अभ्यासिका चालवू शकतो. परीक्षेच्या दिवसांत लाऊडस्पीकरचा आवाज आवरू शकतो. त्याला पैसा लागत नाही, निश्चय लागतो.