पूर, दरड आणि गांवची खूण

पूर ओसरला कीं पंचनामा होतो. पडलेल्या भिंती, वाहून गेलेलें धान्य, मेलेलीं जनावरें, या सर्वांची त्यांत नोंद होते. प्रस्तुत लेखकाची नोकरी असलेच कागद लिहिण्यांत गेली. परंतु पाणी चढण्यापूर्वीं गांवांत कोणास काय दिसलें, तें त्यानें कोणास सांगितलें व त्यावर कोणी काय केलें, यासाठीं त्या कागदांत रकाना नसतो. वास्तविक पुढील पुरांत जीव वांचविणारी माहिती तीच होय.

अशी माहिती पिढ्यानपिढ्या जतन केल्याचें उत्तम उदाहरण सुमात्राच्या पश्चिमेस असलेल्या सिमेलुए बेटावर आढळतें. तेथें १९०७ सालीं भूकंपामागून समुद्राची प्रचंड लाट आली व पुष्कळ माणसें बुडालीं. अशा लाटेस तेथील भाषेंत ‘स्मोंग’ म्हणतात. वांचलेल्यांनीं मुलांनातवंडांस एकच गोष्ट शिकविली: जमीन जोरानें हादरली व समुद्र मागें हटला, कीं ‘स्मोंग’ म्हणून ओरडावें आणि कशाचीही वाट न पाहतां डोंगर गांठावा. अंगाईगीतांतून व गोष्टींतून ही शिकवण चालत राहिली. २६ डिसेंबर २००४ रोजीं भूकंप होतांच लोक डोंगराकडे धांवले. सुमारें ७८,००० वस्तीपैकीं अवघीं ७ माणसें दगावलीं. समोर सुमात्राच्या उत्तर किनाऱ्यावर मात्र लाखाहून अधिक प्राण गेले.

या बेटवासीयांपाशीं यंत्र नव्हतें. होत्या त्या तीन गोष्टी: सर्वांस ठाऊक असलेली खूण, सर्वांस समजणारा एक शब्द आणि आधींच ठरलेली कृति. यांपैकीं एक जरी नसली, तरी उरलेल्या दोन निरुपयोगी ठरतात.

आपल्याकडे खुणांची वाण नाहीं. पाण्याचा रंग पालटणें, फेस व ओंडके वाहून येणें, यांवरून वरच्या अंगास मोठा पाऊस झाल्याचें कांठचा शेतकरी ओळखतो. पाण्याच्या कडेस खुंटी ठोकून तें किती वेळांत किती चढलें, हेंही तो मोजतो. नृसिंहवाडीस ‘दक्षिणद्वार’ झालें, या वार्तेवरून आसपासचीं गांवें नदीची उंची समजतात. डोंगरही पुष्कळदां पूर्वसूचना देतो. उतारावर नव्या भेगा पडणें, झाडें वा खांब कलणें, झरा गढूळ होणें किंवा एकाएकीं आटणें, घराचीं दारें चौकटींत अडकूं लागणें, हीं जमीन सरकत असल्याचीं लक्षणें होत. ३० जुलै २०१४ रोजीं आंबेगांव तालुक्यांतील माळीण गांव दरडीखालीं गाडलें जाऊन दीडशेंच्या वर माणसें मेलीं. पुढें २०२१ सालीं महाड तालुक्यांतील तळिये व २०२३ सालीं खालापूर तालुक्यांतील इर्शाळवाडी यांवर तोच प्रसंग आला. म्हणून डोंगराखालच्या वस्तीनें अशा लक्षणांकडे दुर्लक्ष करूं नये.

तथापि प्रत्येक खूण पारखून घेतली पाहिजे. कावळ्यानें घरटें कोठें बांधलें यावरून पावसाचा तर्क करणाऱ्यांनीं खुशाल करावा. पण त्यावर माणसांचे जीव टांगूं नयेत. जी खूण घडण्याचें कारण सांगतां येतें, तीच विश्वासाची. जुनी आठवणही कधीं दगा देते. सांगलीस आयर्विन पुलाजवळ २००५ सालीं पाणी सुमारें ५३ फुटांवर गेलें होतें. २०१९ सालीं तें ५७ फुटांपलीकडे गेलें. ‘मागच्या वेळीं येथवर आलें नव्हतें’ असें म्हणून घरांत बसणें किती धोक्याचें, हें यावरून दिसतें. शिवाय आतां नदीच्या वरच्या अंगास धरणें आहेत. गांवांत ऊन पडलें असतांही विसर्गामुळें पाणी चढूं शकतें. म्हणून गांवच्या खुणेस धरणाच्या व हवामान खात्याच्या सूचनेची जोड हवी. एकीनें दुसरीची जागा घेऊं नये.

तेव्हां करावें काय? देवळाच्या किंवा शाळेच्या भिंतीवर प्रत्येक पुराची रेघ सालासह कोरावी, आणि निघण्याची रेघ त्यांहून बरीच खालीं आंखावी. पाणी तेथें पोंचतांच देवळाची घंटा कोणीं वाजवावी, कर्ण्यावरून कोणीं पुकारावें, म्हाताऱ्यांस व लांबच्या मळ्यांतील वस्तीस कोणीं आणावें, हें नांवानिशीं ठरवावें. शेतकरी घर सोडावयास तयार होत नाहीं, तो पुष्कळदां गोठ्यामुळें. यास्तव जनावरें कोणत्या माळावर न्यावयाचीं व तेथें वैरण कोणाची, हें प्रथम ठरावें. तेवढा वेळ नसेल, तर दावीं तोडून जनावरें मोकळीं करावीं, पण माणसानें थांबूं नये.

एक वही ठेवावी. तींत पावसाचें माप, नदीची चढ-उतार, डोंगरावरील भेगा आणि वृद्धांनीं सांगितलेल्या गोष्टी तारखेसह लिहाव्या. ज्या बायका रोज झऱ्यावर जातात, त्यांसही विचारावें. पाण्याचा पालट त्यांस आधीं कळतो. हें सारें मृग निघण्यापूर्वींच्या ग्रामसभेंत उरकावें. पाऊस लागल्यावर पेरणीची घाई असते, आणि पूर चढल्यावर सभा भरत नाहीं.