इंधन-साहाय्य, धर्मादाय

थंड हवामानाच्या देशांत घर उबदार राखण्यासाठी लागणारा कोळसा, तेल, नैसर्गिक वायू वा वीज यांचा खर्च ज्या कुटुंबांना झेपत नाही, त्यांना धर्मादाय संस्थांकडून रोख रक्कम, देयकाची फेड किंवा प्रत्यक्ष इंधन या स्वरूपात मिळणारी मदत. अशा प्रदेशांत ऊब ही अन्नवस्त्रांइतकीच प्राथमिक गरज असते. हिवाळ्यात घरातील तापमान किमान १८° से. असावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये केली. थंड व दमट घरात श्वसनाचे आणि हृदयाचे विकार बळावतात. वृद्ध, अर्भके व दीर्घकालीन रुग्ण यांना त्यांचा विशेष धोका असतो. उत्पन्न तुटपुंजे असल्यास घर तापवावे की पोटभर खावे, असा पेच कुटुंबापुढे उभा राहतो.

या साहाय्याचे एक मूळ इंग्लंडच्या ग्रामीण इतिहासात सापडते. गावच्या सामाईक जमिनीवरून सरपण, झुडपे व पीट नेण्याची मुभा गरिबांना परंपरेने होती. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत संसदेच्या कायद्यांनी या जमिनींना कुंपणे पडून त्या खाजगी मालकीच्या झाल्या आणि ही मुभा संपुष्टात आली. तिची भरपाई म्हणून अनेक पॅरिशांत जमिनीचा एक तुकडा विश्वस्तांच्या हाती देण्यात आला. त्याच्या खंडातून हिवाळ्यात गरिबांना कोळसा वाटला जाई. लंडनजवळील हॅम्प्टन येथील १८११ चा इंधन-न्यास हे याचे ठळक उदाहरण होय. त्याची जमीन १९८८ मध्ये विकण्यात आली. त्या निधीच्या उत्पन्नातून गरजू रहिवाशांना इंधनासाठी अनुदाने दिली जातात. पुढे दान म्हणून ओळखली गेलेली ही मदत मुळात हिरावलेल्या हक्काचा मोबदला होती, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

१९७३ च्या तेलसंकटानंतर इंधनाचे भाव भडकले आणि या प्रश्नाला आधुनिक रूप आले. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अल्प उत्पन्न गटाच्या घरांची उष्णतागळती रोखण्याचा संघीय कार्यक्रम १९७६ च्या कायद्याने, तर देयकांसाठी राज्यांना अनुदान देणारा कार्यक्रम १९८१ मध्ये सुरू झाला. सरकारी निधी मर्यादित असल्याने धर्मादाय संस्थांचे कार्यही वाढले. बॉस्टन येथे १९७९ मध्ये स्थापन झालेल्या सिटिझन्स एनर्जी कॉर्पोरेशनने गरजूंना तापनतेल स्वस्तात पुरविले. पिट्सबर्गच्या डॉलर एनर्जी फंडासारख्या निधींना वीज व वायू कंपन्यांचे ग्राहक आपल्या देयकाबरोबर थोडी अधिक रक्कम भरून हातभार लावतात. साल्व्हेशन आर्मीसारख्या संस्था काही राज्यांत अशा निधींचे वाटप करतात.

सामान्यतः अर्जदार उत्पन्नाचा दाखला, थकलेले देयक व पुरवठा तोडण्याची सूचना सादर करतो. मंजूर रक्कम कुटुंबाच्या हाती न देता बहुधा पुरवठादाराच्या खात्यात परस्पर भरली जाते. तेलावर तापणाऱ्या घरांची अडचण वेगळी असते : विक्रेते ठराविक किमान परिमाणाहून कमी तेल पोचवीत नाहीत, त्यामुळे टाकी रिती झाल्यास एकदम मोठी रक्कम उभी करावी लागते. ब्रिटनमधील पूर्वभरणा मीटरच्या बाबतीत थकबाकीची सूचना येतच नाही. पैसे संपताच पुरवठा थांबतो. कोणी तो तोडल्याची नोंद होत नाही आणि कुटुंब निमूटपणे गारठते. अशांना तातडीने मीटर भरता यावे, म्हणून काही संस्था इंधन-कुपने देतात.

ब्रेंडा बोर्डमन यांनी १९९१ मधील आपल्या ग्रंथात पुरेशा उबेसाठी उत्पन्नाच्या १० टक्क्यांहून अधिक खर्च करावा लागणे, ही ‘इंधन-दारिद्र्या’ची कसोटी मांडली. कमी उत्पन्न, महाग इंधन आणि उष्णता टिकवू न शकणारे घर ही त्याची तीन कारणे होत. ब्रिटनमध्ये २००० साली यासंबंधी स्वतंत्र कायदा झाला. इंग्लंडमध्ये २०२१ पासून अल्प उत्पन्नाबरोबरच घराची ऊर्जाकार्यक्षमताही निकषात धरली जाते. २०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे वायूचे भाव कडाडले, तेव्हा ब्रिटनमध्ये अनेक ग्रंथालयांनी व चर्चनी लोकांना ऊब घेत बसता यावे, म्हणून आपली दालने खुली केली.

भारताच्या बहुतेक भागांत घर तापविण्याचे वेगळे देयक नसते. येथे थंडीतील दानधर्म प्रामुख्याने कांबळी व पांघरुणे यांच्या वाटपाचा असतो. इंधन-साहाय्याचा प्रश्न मुख्यत्वे स्वयंपाकाशी निगडित असून २०१६ ची प्रधानमंत्री उज्ज्वला योजना ही त्या क्षेत्रातील शासकीय योजना होय.

धर्मादाय मदतीला उघड मर्यादा आहेत. निधी हिवाळा सरण्यापूर्वी संपू शकतो, मागण्यास संकोच वाटल्याने अनेक पात्र कुटुंबे पुढे येत नाहीत आणि दात्यांचा पैसा अखेर पुरवठादाराच्याच तिजोरीत जातो. मॅसॅचूसेट्समध्ये १५ नोव्हेंबर ते १५ मार्च या काळात अडचणीतील कुटुंबांचा तापनासाठीचा पुरवठा तोडण्यास मनाई आहे. परंतु थकबाकी साचत राहते व वसंतात ती एकदम अंगावर येते. देयक फेडल्याने एक हिवाळा निभावतो. भिंती, छत व खिडक्या यांतून निसटणारी उष्णता रोखल्यास पुढील अनेक हिवाळे सुसह्य होतात. म्हणूनच अनेक संस्था तातडीच्या मदतीला घरदुरुस्ती व कर्जविषयक सल्ला यांची जोड देतात. तथापि घर दुरुस्त होईतो थंडी थांबत नसल्याने तातडीच्या मदतीचे महत्त्व कमी होत नाही.