दहा मिनिटांचं बंदर

दापोलीहून दाभोळला उतरणारा रस्ता शेवटच्या वळणानंतर सरळ पाण्यात शिरतो. कठडा नाही, फाटक नाही. काँक्रीटचा उतार खाली जातो आणि खाडीत नाहीसा होतो. नवखा ड्रायव्हर तिथे दचकून ब्रेक दाबतो. नेहमीचा मात्र इंजिन बंद करून खाली उतरतो आणि पलीकडे धोपाव्याच्या धक्क्याकडे बघत उभा राहतो. बोट तिकडे असेल तर चहाला वेळ आहे, मध्यावर असेल तर नाही.

हा उतार हेच या धक्क्याचं खरं यंत्र. इथल्या खाडीचं पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं. उधाणाला भरती-ओहोटीतला फरक दोन मीटरच्या आसपास जातो. उभ्या भिंतीचा धक्का बांधला असता तर बोट कधी त्याच्या डोक्यावर, कधी पायाशी आली असती. उतारावर ती पंचाईत नाही. पाणी चढलं की बोट वर टेकते, सुकती लागली की खाली. बोटीचा तळ सपाट, बूड उथळ. तोंडाशी लोखंडी फळी. ती साखळ्यांवर खाली येते, काँक्रीटवर आदळते आणि त्या आवाजासरशी रांगेतली सगळी इंजिनं सुरू होतात.

मग राज्य खलाशाचं. ट्रक मध्ये, मोटारी त्यांच्या बाजूंना, दुचाक्या उरलेल्या फटींत. वजन एका अंगाला गेलं तर बोट त्या अंगाला झुकणार, म्हणून कुणाला कुठे लावायचं हे गाडी फळीवर चढण्याआधीच त्याच्या नजरेत ठरलेलं असतं. ‘येऊ द्या, येऊ द्या, डावीकडं मारा... बस! दादा, हँडब्रेक ओढा.’ तो कधी बोनेटवर थाप मारतो, कधी आरशाला हात लावून तो मिटतो. वीतभर अंतरावर लागलेल्या गाडीतून पोटं आत ओढून बाहेर पडायचं आणि जिन्याने वरच्या मजल्यावर जायचं. वारा तिथे असतो.

ओलांडायला साधारण दहा मिनिटं लागतात. रस्त्याने जायचं तर दाभोळहून पुन्हा दापोली, खेड, चिपळूण आणि मग गुहागर, म्हणजे शंभराहून अधिक किलोमीटरचा फेरा. 2003 साली सुवर्णदुर्ग शिपिंग अँड मरीन सर्व्हिसेसने इथे वाहनं नेणारी फेरीबोट सुरू केली, तोवर माणसं लाँचने जात आणि गाड्या वळसा घालत. दाभोळ दापोली तालुक्यात, धोपावे गुहागर तालुक्यात. समोरासमोरची ही गावं एकमेकांना रोज दिसत, पण गाडी घेऊन जायचं म्हटलं तर दिवस मोडे. दाभोळनंतर वेसवी–बागमांडले, जयगड–तवसाळ, आगरदांडा–दिघी असे इतर खाड्यांवरचे मार्गही चालू झाले. मुंबईहून किनारा धरून गुहागर आणि पुढे जाणाऱ्या आजच्या प्रवाशाचा रस्ता या बोटींनी जोडलेला आहे.

ज्या पाण्यावरून बोट जाते त्याचीही एक गंमत आहे. ही वाशिष्ठीची खाडी. वाशिष्ठी सह्याद्रीत उगम पावून चिपळूणवरून इथे येते. पण तिच्यात कोयनेचंही पाणी आहे. कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराकडे जाणारं हे पाणी कोयना प्रकल्पात डोंगराच्या पोटातून पश्चिमेला वळवतात, त्यावर वीज करतात आणि वाशिष्ठीत सोडतात. घाटावर पडलेला पाऊस असा वाट बदलून दाभोळला अरबी समुद्रात जातो.

एके काळी खाडीच्या या मुखातून माणसं आणि माल फार लांब जात. बहमनी आणि नंतर आदिलशाही काळात दाभोळ हे दख्खनचं मोठं बंदर होतं. अरबस्तान-इराणकडचे घोडे इथे उतरत, मक्केचे यात्रेकरू इथून निघत. त्वेर या रशियन शहरातला व्यापारी अफानासी निकितीन चौलला उतरून बीदरपर्यंत फिरला आणि 1470च्या दशकाच्या सुरुवातीला परतीसाठी दाभोळलाच जहाजावर चढला. पुढे मार्च 1508 मध्ये चौलच्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदाचा मुलगा मारला गेला. सूड घ्यायला दीवकडे निघालेल्या आल्मेदाने त्याच वर्षी डिसेंबरात वाटेत दाभोळ जाळलं.

त्या वैभवाची खूण धक्क्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. मोठा एकच घुमट, चार मिनार, दगडी बांधकाम. ही आदिलशाही काळातली शाही मशीद. गावात तिला अंडा मशीदही म्हणतात. विजापूरची शहजादी आयेशाबीबी मक्केला जायला इथवर आली, समुद्र सुरक्षित नव्हता म्हणून अडकली आणि यात्रेसाठी आणलेला पैसा तिने या मशिदीत घातला, अशी कथा सांगतात. खरंखोटं कुणी ठरवावं? पण दाभोळबद्दलची कथा बोटीची वाट बघण्यापासून सुरू व्हावी, हे मात्र या गावाला शोभतं.

पुढे आगबोटींच्या काळात मुंबईहून येणारी बोट दाभोळला लागे आणि लहान बोटी खाडीतून आत चिपळूणच्या गोवळकोटपर्यंत जात. रस्ते झाले, आगबोटी थांबल्या. मग नव्वदच्या दशकात दाभोळचं नाव पुन्हा जगभर गाजलं ते एन्‍रॉन या अमेरिकन कंपनीमुळे. ‘दाभोळ वीज प्रकल्प’ हे शब्द मोर्चांत, विधानसभेत, अमेरिकन वर्तमानपत्रांत गेले. प्रकल्प मात्र दाभोळात नाहीच. तो खाडीपलीकडे, गुहागर तालुक्यात अंजनवेल-वेलदूरच्या बाजूला. फेरीतून समुद्राच्या दिशेला बघितलं की त्या किनाऱ्याची उंच बांधकामं दिसतात. नाव अलीकडच्यांचं, जमीन पलीकडच्यांची.

किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना भरतीची वेळ बघायला मोबाइल लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची: चतुर्थीला तीनच्या सुमारास पूर्ण भरती, अष्टमीला सहाच्या. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याचा चढउतार कमी. फेरीचं वेळापत्रक घड्याळावर चालतं, पण फळी उतारावर कुठे टेकणार ते अजून चंद्रच ठरवतो.

रेवस–रेड्डी सागरी महामार्गाच्या आराखड्यात दाभोळच्या खाडीवरही पूल आहे. तो व्हायलाच हवा. मध्यरात्री बाळंतिणीला घेऊन निघालेल्या घराला फेरीची गंमत सांगू नये. पण पूल झाला की दाभोळ हे गाव पुलाखालून दिसणारं होईल. आज या वाटेने गुहागरला निघालेल्या प्रत्येकाला इथे इंजिन बंद करावं लागतं. घोड्यांचे व्यापारी थांबले, यात्रेकरू थांबले, निकितीन थांबला. दाभोळ टिकलं ते या थांबणाऱ्यांवर. बंदर म्हणजे अखेर गाठायचं ठिकाण नव्हे, खोळंबायचं ठिकाण.

धोपाव्याला फळी खाली आदळते. खलाशी पुढच्या ट्रकला हात करतो. उतारावर ओल्या चाकांचे पट्टे उमटतात आणि समोरच्या रांगेतला एक जण चहाचा अर्धा कप तसाच टाकून गाडीकडे पळतो.