लाल म्हणजे कच्चं, पिवळं म्हणजे पिकलं

बोर आधी हिरवं असतं, मग पिवळं होतं आणि शेवटी लाल. टोमॅटोचंही तसंच. लाल दिसलं की पिकलं, हा हिशेब आपल्या डोळ्यांत लहानपणापासून पक्का बसलेला असतो. मी तर कविता लिहिणारा माणूस. लाल रंगावर माझा जरा जास्तच भरवसा. पण नॉर्वे, स्वीडन, फिनलंडच्या दलदलीत एक रानफळ आहे, त्याने हा हिशेब उलटा केला आहे. ते लाल असतं तेव्हा कच्चं आणि टणक असतं; पिकलं की मधासारखं पिवळं, मऊ, रसाळ होतं.

इंग्रजीत त्याला क्लाउडबेरी म्हणतात. नॉर्वेत ते मुल्ते, फिनलंडमध्ये लाक्का. रासबेरीचं हे भावंड, म्हणजे गुलाबाच्या कुळातलं. रुबस कॅमेमोरस या त्याच्या शास्त्रीय नावातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ ‘जमिनीवरचं तुतीचं फळ’.

ओळखायचं कसं? रोप जेमतेम वीतभर. अंगावर काटे नाहीत. पानं गोलसर, सुरकुतलेली, पाच ते सात पाळ्यांची. पायाखाली ओलं, शेवाळाने भरलेलं रान. एका दांड्याला एकच पांढरं फूल आणि म्हणून एकच फळ. त्याच मुलखात एक लहान रासबेरीही उगवते. पण तिचं फूल गुलाबी, पान तीन पर्णिकांचं आणि फळ गडद लाल. शेवटची खूण फळाच्या बुडाशी. कच्चं असताना हिरवी निदलं त्याला मिठीत धरून असतात, पिकल्यावर ती बाजूला होतात. मग हलक्या हाताने ओढलं तरी फळ सुटून येतं.

पण दिसलेल्या प्रत्येक फुलाचं फळ होत नाही. नर फुलांची झाडं वेगळी, मादी फुलांची वेगळी. जूनमध्ये फुलं उमलतात, त्याच सुमारास हिमकडाका पडला किंवा पावसाने माश्या-मधमाश्या अडल्या, तर त्या वर्षी फळ जवळजवळ नाहीच. पीक येतं ते जुलैअखेर आणि ऑगस्टमध्ये, थोडे दिवस. म्हणून चांगली जागा ठाऊक असलेली माणसं ती सहसा कुणाला सांगत नाहीत.

एवढी जपणूक का, तर पुढे लांबलचक हिवाळा असे. ताजी भाजी नाही, फळ नाही. ‘क’ जीवनसत्त्वाअभावी हिरड्यांतून रक्त यायचं, जुन्या जखमा पुन्हा उघडायच्या. या फळात ते जीवनसत्त्व संत्र्यापेक्षाही जास्त. शिवाय त्यात निसर्गतःच बेंझोइक आम्ल असतं. त्यामुळे साखर न घालताही फळं स्वतःच्याच रसात, थंड जागी महिनोन् महिने टिकतात. दर्यावर्दी ती पिंपांत भरून गलबतावर नेत. उत्तरेचे सामी लोक ती रेनडिअरच्या दुधात कालवून खात. नॉर्वेत आजही नाताळच्या जेवणानंतर घोटलेल्या सायीत मुल्ते मिसळून वाढतात. फिनलंडमध्ये भाजलेल्या चीजवर त्याचा मुरंबा घालतात. 2002 साली व्यवहारात आलेल्या फिनलंडच्या दोन युरोच्या नाण्यावरही हेच फळ कोरलेलं आहे.

दुसरा कुणीतरी आधी नेईल या भीतीने माणूस कच्चंच तोडतो, हा अनुभव आपल्या आंब्याचिंचेच्या झाडांनाही आहे. उत्तर नॉर्वेत तर एके काळी कच्ची मुल्ते तोडायला कायद्यानेच बंदी होती. त्याच भागात जमीनमालकाला आपल्या जागेतली ही फळं नेऊ न देण्याचा अधिकार कायद्याने दिला. पण जागच्या जागी खाल्लेल्या फळांना त्यातून सूट ठेवली. साठवणीवर मालकाचा हक्क चालेल, वाटसरूच्या भुकेवर चालणार नाही, असा मी त्याचा अर्थ लावतो.

मात्र वाट पाहायला दलदल तरी उरायला हवी. फिनलंडमधल्या जवळपास निम्म्या दलदली विसाव्या शतकात लाकडासाठी चर खणून कोरड्या केल्या गेल्या. पाणी ओसरलं, झाडांची सावली दाटली की हे रोप मागे हटतं. अलीकडे काही ठिकाणी ते चर पुन्हा बुजवले जात आहेत. पाणी परतलं तरी शेवाळ धरायला वर्षं लागतात. तिथेही घाई चालत नाही.