लॅपटॉप मेला नाही, ड्रायव्हर रुसलाय!

रात्रीचे पावणेबारा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता शेवटच्या सेमिस्टरची डॉक्युमेंटरी सबमिट करायची होती. अकरा मिनिटांची फिल्म, एडिट लॉक, कलर करून झालेला, फक्त एक्स्पोर्ट बाकी. एक्स्पोर्ट ६२ टक्क्यांवर पोचलं आणि स्क्रीन काळी झाली. परत आली. परत काळी. आणि मग तो प्रसिद्ध निळा पडदा, वर मोठ्ठा रडका चेहरा. खाली बारीक अक्षरांत काहीतरी लिहिलं होतं, ते मी वाचलं नाही. कोण वाचतं? लॅपटॉप आपोआप रिस्टार्ट झाला, मी पुन्हा एक्स्पोर्ट लावलं, पुन्हा निळा पडदा. तिसऱ्या वेळी तर डेस्कटॉप दिसायच्या आतच.

सकाळी दहाला होस्टेलजवळच्या रिपेअरच्या दुकानात. तिथल्या दादांनी लॅपटॉप एकदा चालू केला, निळा पडदा बघितला आणि निकाल दिला, ‘‘मदरबोर्ड गेला असणार. नऊ हजार धरून चला. नाहीतर फॉरमॅट मारून बघतो, पण डेटाची गॅरंटी नाही.’’ डेटा म्हणजे माझे चार महिन्यांचे इंटरव्ह्यू! बॅकअप? तो घ्यायचाच होता, पुढच्या आठवड्यात.

रडवेली होऊन कॉलेजच्या कम्प्युटर लॅबमध्ये गेले. तिथल्या लॅब असिस्टंट सरांनी लॅपटॉपला हातही न लावता विचारलं, ‘‘पडद्यावर काय लिहिलं होतं?’’ मला माहीत नव्हतं. त्यांनी तो पुन्हा क्रॅश होऊ दिला आणि मोबाइलवर फोटो काढला. ‘व्हिडीओ टीडीआर फेल्युअर’. ‘‘मदरबोर्ड कशाला जातोय? ग्राफिक्सचा ड्रायव्हर रुसलाय बघ.’’

ड्रायव्हर म्हणजे दुभाषा. विंडोजला ग्राफिक्स चिपची भाषा कळत नाही. विंडोज सांगतं ‘हे चित्र काढ’, ड्रायव्हर ते चिपला समजेल असं करून देतो. गेम असो, व्हिडीओ एडिटिंग असो की साधं यूट्यूब, सगळं त्याच्यामार्फत. आता हा दुभाषा गडबडला तर फक्त चित्र बिघडावं, अख्खा लॅपटॉप का झोपावा? कारण त्याच्या कामाचा मोठा भाग कर्नलमध्ये चालतो, म्हणजे विंडोजच्या अगदी आतल्या खोलीत. ब्राउझर अडकला तर तेवढाच बंद करता येतो. आतल्या खोलीत चूक झाली की विंडोज जास्त नुकसान नको म्हणून सगळंच थांबवतं. निळा पडदा म्हणजे ते थांबवणं.

आणि टीडीआर? ही व्यवस्था विंडोज व्हिस्टापासून आली. चिपला दिलेल्या कामावर दोन सेकंदांत हूं की चूं झालं नाही, तर विंडोज ग्राफिक्सचा भाग रिसेट करून बघतं. जमलं तर स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत येते आणि आपल्याला वाटतं, लोडशेडिंग झालं की काय. नाहीच जमलं तर निळा पडदा. म्हणजे माझी स्क्रीन दोनदा काळी होऊन आली तेव्हा विंडोज बिचारं मला वाचवायचा प्रयत्न करत होतं.

हा ताप नवा नाही. व्हिस्टाच्या काळातल्या एका अमेरिकन खटल्यात मायक्रोसॉफ्टचे अंतर्गत ईमेल बाहेर आले. त्यातल्या २००७ मधल्या क्रॅशच्या नोंदींत जवळपास २९ टक्के क्रॅश एकट्या एनव्हिडियाच्या ड्रायव्हर्समुळे होते. खुद्द मायक्रोसॉफ्टच्या वाट्याला १८ टक्क्यांच्या आसपास. शिव्या मात्र सगळ्या विंडोजने खाल्ल्या. तेव्हापासून ड्रायव्हर खूप सुधारलेत, पण त्यांच्या नवनव्या आवृत्त्या सतत येत राहतात आणि विंडोज अपडेट त्या कधीकधी आपल्याला न विचारता बसवून टाकतं.

तर पहिला धडा, पडद्याचा फोटो काढा. कोडच्या खाली कधी कधी ‘व्हॉट फेल्ड’ असं लिहून एका फाइलचं नाव येतं. ते ‘एनव्ही’ने सुरू झालं तर एनव्हिडिया, ‘एएमडी’ किंवा ‘एटीआय’ने झालं तर एएमडी, ‘आयजीडी’ने झालं तर इंटेल. २०२५ पासून विंडोज ११ मध्ये हा पडदा निळ्याऐवजी काळा झालाय, रडका चेहराही गेला. कोड मात्र तिथेच असतो. फोटो राहिला तर सर्चमध्ये ‘रिलायबिलिटी’ टाइप करून रिलायबिलिटी हिस्टरी उघडा. कुठल्या दिवशी काय कोसळलं आणि काय इन्स्टॉल झालं, सगळं तारखेनिशी दिसतं. भन्नाट गोष्ट आहे, चार वर्षं लॅपटॉप वापरून मला पत्ता नव्हता.

स्क्रीन नुसती काळी पडलीय पण गाणं वाजतंय, अशी अवस्था असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, उघडलेल्या फाइली तशाच राहतात.

माझं प्रकरण त्याच्या पुढे गेलं होतं. सरांनी लॅपटॉप चालू केला आणि विंडोज सुरू होतानाच पॉवर बटण दाबून धरून बंद केला. असं दोन-तीनदा केलं की रिपेअरचा मेन्यू येतो. तिथून ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रिस्टार्ट आणि मग ४ दाबलं की सेफ मोड. आम्ही तिथे पोचणार, तेवढ्यात लॅपटॉपने ४८ आकडी बिटलॉकर की मागितली. ही कसली बला? तर नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क बऱ्याचदा आधीच लॉक केलेली असते आणि तिची चावी मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये ठेवलेली असते. माझ्या लॅपटॉपचं अकाउंट होतं बाबांच्या ईमेलवर. भर दुपारी बाबा ऑफिसमध्ये. आधी पासवर्ड आठवेना, मग ओटीपी येईना, शेवटी मीटिंगमधून बाहेर येऊन त्यांनी फोनवर ४८ आकडे वाचून दाखवले. दोनदा, कारण पहिल्यांदा मी एक आकडा चुकले.

सेफ मोडमध्ये विंडोज कंपनीचा ड्रायव्हर बाजूला ठेवतं आणि आपला साधासुधा वापरतं. सगळं मोठं मोठं, फुगल्यासारखं दिसतं. पण अर्धा तास झाला तरी लॅपटॉप पडला नाही. हीच खरी परीक्षा. सेफ मोडमध्ये शांत आणि नेहमीच्या मोडमध्ये क्रॅश, तर संशय आधी ड्रायव्हरवर. तरीही सरांनी आधी पेनड्राइव्ह लावायला सांगितला. अख्खं फुटेज कॉपी झालं तेव्हा मी श्वास घेतला.

मग डिव्हाइस मॅनेजर, डिस्प्ले अॅडाप्टर्स, तिथे चिपच्या नावावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ड्रायव्हर. तारीख बघितली तर ड्रायव्हर आदल्याच आठवड्यात बदललेला. मी तर काहीच केलं नव्हतं! ‘रोल बॅक ड्रायव्हर’ दाबलं, रिस्टार्ट केलं आणि डेस्कटॉप आला. ते बटण तुमच्याकडे फिकट दिसत असेल तर जुना ड्रायव्हर शिल्लक नाही. मग अनइन्स्टॉल करा आणि लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून आपल्या मॉडेलचाच ड्रायव्हर घ्या. ‘ड्रायव्हर अपडेटर’ म्हणून जाहिराती करणाऱ्या फुकट अॅप्सच्या नादी लागू नका. विंडोज अपडेटही आठवडाभर पॉज करा, नाहीतर तोच ड्रायव्हर पुन्हा येऊन बसतो. कायमचं बंद करू नका, सिक्युरिटीचे अपडेट त्याच वाटेने येतात.

दुकानातल्या दादांचा निदान दरवेळी खोटाच असतो असं नाही. विंडोज सुरू व्हायच्या आधी, कंपनीचा लोगो दिसतानाच रेघा किंवा रंगीत ठिपके येत असतील, तर बिघाड हार्डवेअरचा असू शकतो. पंख्यात धूळ आणि लॅपटॉप गादीवर, हे आपल्या होस्टेलचं लाडकं कॉम्बिनेशनही चिपला तापवून क्रॅश घडवतं. पण कोड न वाचता मदरबोर्ड?

१९ जुलै २०२४ आठवतो? क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशिन्स निळी पडली, आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. तो ड्रायव्हर ग्राफिक्सचा नव्हता, सिक्युरिटी सॉफ्टवेअरचा होता, पण बसलेला त्याच आतल्या खोलीत. आणि कितीतरी मशिन्सवर इलाज काय होता? सेफ मोडमध्ये जा, एक फाइल डिलीट करा, रिस्टार्ट करा. बिटलॉकरच्या चाव्या शोधताना तिथेही आयटीवाल्यांच्या नाकी नऊ आले. मदरबोर्ड कुणी बदलले नाहीत.

माझी फिल्म चार वाजून बावन्न मिनिटांनी सबमिट झाली. या वेळी एक्स्पोर्ट ग्राफिक्स चिपऐवजी साध्या प्रोसेसरवर लावलं होतं, तिप्पट वेळ लागला. रात्री बाबांचा फोन आला. त्यांनी ते ४८ आकडे घरच्या डायरीत, गॅसच्या नंबराखाली लिहून ठेवलेत.