मोर्शीचा पाहुणा आणि आतल्या खोलीतला फोटो

परदेशात नोकरीला गेलेल्या माणसाकडे गावाकडचा मित्र पाहुणा म्हणून येतो, तेव्हा त्याला घर दाखवायचे असते, मुलूख दाखवायचा असतो आणि आपले बरे चालले आहे हेही दाखवायचे असते. मे २००९ मध्ये मोर्शीहून माझ्याकडे जो मित्र आला, त्याने हे सारे पाहिलेच. पण मी जे दाखवणार नव्हतो तेही पाहिले. हे लिहायला मला इतकी वर्षे लागली, यातच काय ते आले.

मी तेव्हा इथिओपियात इंग्रजी शिकवत होतो. आपल्याकडे हा देश दुष्काळाच्या बातम्यांतून माहीत आहे. पण मास्तरकीच्या बाबतीत आपले त्याच्याशी नाते जुने आहे. सम्राट हेले सेलासी यांच्या काळात भारतीय शिक्षक, विशेषतः केरळचे, तिथल्या दूरदूरच्या शाळांत शिकवत होते. २००० नंतर त्या देशाने एकामागून एक विद्यापीठे आणि महाविद्यालये काढली आणि पुन्हा भारतीय प्राध्यापकांना बोलावणे आले. १९३६ ते १९४१ हा इटलीचा ताबा सोडला तर या देशावर परक्यांचे राज्य कधी नव्हते. इंग्रजांचे तर नव्हतेच. तरी नववीपासून पुढचे शिक्षण इंग्रजीत! आमच्यासारख्या तासिका तत्त्वावर झिजलेल्या, मुलाखतीत 'जागा भरलेली आहे' हे ऐकून परतलेल्या माणसाला ती संधीच होती. सप्टेंबर २००७ मध्ये मी उतरलो, तेव्हा तिथे सन २००० लागण्याचा जल्लोष सुरू होता. त्यांचे कॅलेंडर आपल्यापेक्षा सात-आठ वर्षे मागे चालते आणि वर्षाला तेरा महिने असतात. घड्याळही वेगळे. सकाळी सातला तिथे एक वाजतो.

मित्र जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. आम्ही एकाच वस्तीतले, सायकलीवर डबलसीट सालबर्डीची लेणी पाहायला जाणारे. जीपीएफमधून पैसे उचलून, उन्हाळ्याच्या सुट्टीत तो मुंबईहून थेट विमानाने अदिस अबाबाला आला. पिशवीत ज्वारीचे पीठ, जवसाची चटणी, भिवापुरी तिखट आणि संत्रा बर्फी. त्याला संग्रहालयात 'लूसी' पाहायची होती. १९७४ साली सापडलेला, बत्तीस लाख वर्षांपूर्वीचा तो सांगाडा. पण अस्सल लूसी तेव्हा अमेरिकेच्या दौऱ्यावर गेलेली! नक्कल पाहून आम्ही जिम्याच्या बसमध्ये बसलो. साडेतीनशे किलोमीटर घाट, दऱ्या आणि पाऊस.

दुसऱ्या दिवशी एका सहकाऱ्याच्या घरी जेवण होते. तिथे सारे एकाच ताटात जेवतात. टेफ नावाच्या बारीक धान्याचे पीठ दोन-तीन दिवस आंबवून ताटाएवढे आंबट धिरडे करतात, ते इंजेरा. त्यावरच कालवण वाढतात. त्यात शिरो नावाचा प्रकार असतो, म्हणजे जवळजवळ आपले बेसनच. सहकाऱ्याच्या आईने इंजेऱ्याचा घास केला आणि सरळ माझ्या मित्राच्या तोंडात घातला. याला तिथे गुर्शा म्हणतात. पाहुण्यावरची माया दाखवण्याची ती रीत आहे. मित्राला घास गिळता येईना. बाहेर आल्यावर म्हणाला, "अबे, आपल्या आजीले हे दाखवाले पायजे होतं. तिले साऱ्या जन्मात वरून पानी वाढलं लोकायनं."

मलाही त्या दिवशी अभिमान वाटला, जणू तो देश मीच वसवला होता. दोन वर्षे मी गावाकडे हेच कळवत आलो होतो, की इथे जात नाही, कुणी आडनाव विचारत नाही, आपण फक्त फरंजी, म्हणजे परके.

रविवारी आम्ही काफा भागातल्या एका बाजाराला गेलो. कॉफी मूळची इथली, असे सांगितले जाते. शेगडीवर मातीच्या सुरईत कॉफी उकळते, खाली गवत अंथरलेले असते, लहान कप फिरतात. आम्ही बसलो. एक बाई कोळशाचे पोते उतरवून आली आणि चार हात दूर उभी राहिली. तिने आपल्या गाठोड्यातून प्लास्टिकचा मग काढला. कॉफीवालीने सुरई उंच धरून त्यात ओतले.

मित्र मला म्हणाला, "ती बाई आपला मग घेऊन काऊन आली? इथं तं एवढे कप हायेत."

मी म्हणालो, "असेल काहीतरी."

"असेल काहीतरी नाई. मले मोर्शीत शिकवू नको हे."

मग मी विचारपूस केली. ती बाई मांजो समाजातली. हा काफा भागातला पूर्वापार शिकारी समाज. सरपण आणि कोळसा विकून जगतो. त्यांच्यासोबत कुणी जेवत नाही, त्यांना घरात घेत नाहीत. कारण काय, तर ते नको ते प्राणी खातात आणि घाण राहतात! वाचकहो, हे कारण आपल्याला नवीन आहे काय? इथिओपियाच्या दक्षिणेकडे कुंभार, कातडे कमावणारे, लोहार यांनाही अनेक ठिकाणी असेच दूर ठेवत आले आहेत. १९९५ च्या संविधानात सर्वांना समता आहे. बऱ्याच मांजो कुटुंबांनी माणूस म्हणून वागवणारा धर्म शोधत प्रोटेस्टंट चर्चची वाट धरली. ज्या कोळशावर आमची कॉफी उकळत होती तो अशाच एखाद्या बाईने डोंगरावरून वाहून आणलेला. दोन वर्षे मी त्या बाजारात जात होतो. मला तो मग दिसला नव्हता.

रात्री त्याने दुसरा विषय काढला. "बाबासाहेबांचा फोटो कुठी हाय?"

"आतल्या खोलीत आहे."

"आत काऊन?"

हे सांगणे अवघड होते. आमच्या आवारात चार भारतीय कुटुंबे होती. पहिल्याच आठवड्यात एकाने पूर्ण नाव विचारले, दुसऱ्याने मी मांसाहारी आहे का ते. शनिवारी सगळे एकमेकांकडे बसत. पहिल्या शनिवारी मी फोटो आत नेला आणि मग तो आतच राहिला. कुणी मला काही बोलले नव्हते. परक्या मुलखात चार माणसे धरून राहावे, उगाच वाद कशाला, असे मी मनाला सांगितले होते.

मित्र म्हणाला, "मोर्शीत फोटो पाहून दोन घरमालकायनं मले घर नाई देल्लं. तिसऱ्यानं देल्लं. तू समुद्र वलांडून आला अन् तुले भेव कोनाचं?"

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवले आहे, की युरोप-अमेरिकेतल्या पाच वर्षांनी आपण अस्पृश्य असल्याची जाणीव त्यांच्या मनातून पुसून टाकली होती आणि बडोद्याला उतरताच राहायचे कुठे हा प्रश्न पुढे आला. ते विसरले होते, ती गोष्ट वेगळी. मी विसरलो नव्हतो. मी लपवत होतो.

त्यानेच विचारले, वर्गात हे शिकवतोस का? कोलंबिया विद्यापीठात हे पुस्तक अभ्यासाला लावलेले आहे आणि मी आफ्रिकेतल्या मुलांना इंग्लंडातल्या फुलांचे धडे शिकवत होतो! दुसऱ्या दिवशी त्याला वर्गात बसवून मी १९०१ सालचा मसूर स्टेशनचा प्रसंग वाचला. वडिलांना भेटायला निघालेली लहान मुले, जात कळल्यावर पाठ फिरवणारे गाडीवान, शेवटी दुप्पट भाडे देऊन मुलांनीच हाकलेली बैलगाडी. वाचून झाल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. त्याने माझ्या मित्राला विचारले, "सर, तुमचे लोक मडकी करायचे का?"

वर्ग एकदम गप्प झाला. मित्राने त्याच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितले, की नाही, आमच्या बापजाद्यांना मेलेली ढोरे ओढावी लागत. मुलगा खाली बसला.

निघण्याच्या आदल्या दिवशी मित्राने स्वतः खिळा ठोकून फोटो बाहेरच्या खोलीत लावला. पुढच्या शनिवारी एक कुटुंब आले नाही. दुसऱ्या घरच्या बाई यायच्या, पण पाण्याची बाटली आपली आणू लागल्या. एक मल्याळी प्राध्यापक मात्र फोटोसमोर बराच वेळ उभे राहिले आणि अय्यंकाळींबद्दल सांगू लागले. १८९३ साली त्या माणसाने त्रावणकोरात, जिथे दलितांना बंदी होती त्या रस्त्यावरून बैलगाडी हाकली होती. मी अय्यंकाळींचे नाव ऐकून होतो, बैलगाडी माहीत नव्हती.

महिनाभराने तो मागच्या बाकावरचा मुलगा त्या पानांची झेरॉक्स मागायला घरी आला. भिंतीकडे पाहून म्हणाला, "बैलगाडीतला मुलगा हाच का?" मी हो म्हणालो. त्याला बसायला सांगून कॉफी दिली. पिऊन झाल्यावर तो कप घेऊन उठला आणि नळ कुठे आहे म्हणून विचारू लागला. मी त्याच्या हातातून कप घेतला.